रा. रा. एसी मेकॅनिक यांस

बदलापूर (पूर्व),
एप्रिल

रा. रा. एसी-फ्रिज-गिझर मेकॅनिक यांस,
मुक्काम उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर.



पत्रास कारण की उन्हाळा चढला आहे आणि तिन्ही गावांत घरोघर तुमचं नाव निघतं आहे. सांताक्रूझला पारा चौतीस-पस्तिसावर असतो तेव्हा आमच्या बदलापुरात तो चाळिशी ओलांडतो, हे आता कुणाला नवीन राहिलेलं नाही. समुद्र लांब, मधे मलंगगड-चंदेरीची डोंगररांग. खारा वारा इथवर पोचेपर्यंत दुपार टळलेली असते. रात्री अकराला लोकलमधून उतरून घरी आलेल्या माणसाने पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की दिवसभर घरात काय झालं असेल ते त्याला कळतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये नेहमीच्या साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आली तेव्हा बदलापूरकर निषेध करायला स्टेशनवर जमले होते, आणि मध्य रेल्वेला एसी लोकलच्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. लांबच्या लोकांना वाटलं, या गावाला थंड हवा नको. तसं नव्हतं. पासाच्या पैशात बसेल एवढीच थंड हवा आम्हाला परवडते. म्हणून तर कर्ज काढून, हप्त्यावर, घरातल्या एका खोलीत आम्ही एसी लावतो आणि त्या खोलीत म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना निजवतो. आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे, मे महिन्यात यांची खोली तापू देऊ नका. तेव्हा आमच्या घरात तुमचा मान फॅमिली डॉक्टरच्या खालोखाल आहे, हे मनापासून लिहिते.

आधी आभार मानते. भर दुपारी पाठीवर सिलिंडर, खांद्यावर तांब्याच्या पाइपचं भेंडोळं आणि हातात हत्यारांची पिशवी घेऊन लिफ्ट बंद असलेल्या इमारतीचे पाच मजले तुम्ही चढता. पत्र्यासारख्या तापलेल्या गच्चीवर बसून काम करता. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी गावात शिरली, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मधे पाण्यात अडकली. देशाने ती गाडी टीव्हीवर पाहिली. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्या घरांत काय उरलं होतं ते मात्र तुम्हीच पाहिलंत. आमच्या ओळखीच्या एका घरात तुमच्यापैकी एकजण गुडघाभर चिखलात उभा राहून सांगत होता, "काकू, फ्रिज पुसला म्हणून प्लग लावू नका. आधी अर्थिंग बघू द्या." त्याने त्या घराकडून पैसे घेतले नाहीत. हे मी विसरलेले नाही. पुढे तक्रारी येतील, तेव्हा हे आभार आधी वाचलेत असं लक्षात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. मला परवानाधारक मेकॅनिक हवा आहे, आणि तो मिळत नाही.

दुकानाच्या पाटीवर तुम्ही 'ऑल ब्रँड एसी रिपेअरिंग' असं लिहिता. परवाना आहे का विचारलं की गुमास्ता दाखवता किंवा जीएसटीचा नंबर सांगता. गुमास्त्याने दुकान नोंदलेलं आहे एवढं कळतं. दुकानातल्या हाताला काम येतं का, ते त्याने कळत नाही. मग कायदा काय म्हणतो ते मी बघितलं. भिंतीतून नवी तार ओढणं, एमसीबी बसवणं, अर्थिंग करणं ही विजेची कामं आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांप्रमाणे ती परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या वायरमननेच करायची असतात. नवा मीटर मागताना महावितरण याच ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. पण एसी बसवणं, उघडणं, त्यात गॅस भरणं, याला आपल्याकडे असा सक्तीचा परवानाच नाही. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो पुरा करून राष्ट्रीय प्रमाणपत्र घेतलेला मुलगा आणि मार्चमध्ये मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून एप्रिलमध्ये गेज हातात धरलेला मुलगा, दोघेही आमच्या दारात सारख्याच टी-शर्टात उभे राहतात आणि सारखेच पैसे सांगतात. कोण कोणता, हे आम्हाला दारातून दिसत नाही.

माझी तक्रार खरी इथे आहे. ज्याने शिकून घेतलं, त्याने ते आम्हाला दाखवायला नको का? तुमच्यातल्या कितीजणांकडे आयटीआयचं प्रमाणपत्र घरच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं आहे. डॉक्टर पदवी भिंतीवर लावतो, वकील पाटीवर लिहितो, तुम्ही ती ट्रंकेत ठेवता. कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही दाखवत नाही, आणि तुम्ही दाखवत नाही म्हणून कुणाला विचारायचं सुचत नाही. या चक्रात फायदा होतो तो न शिकलेल्याचा.

माझ्या माहेरचं सांगते, म्हणजे मी इतकी का रागावले ते कळेल. माझं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प चार, मराठा सेक्शन. मुळात ती कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या वस्तीला उल्हासनगर नाव दिलं. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांना हातात आलेली वस्तू टाकून देणं माहीत नव्हतं. पंखा, मिक्सर, रेडिओ, शिलाई मशिन, सगळं उघडायचं, पुसायचं, पुन्हा चालू करायचं. शेजारच्या मराठी पोरांनीही ती विद्या त्यांच्याकडून उचलली. आमच्या लहानपणी उन्हाळा म्हणजे खिडकीला वाळ्याचा पडदा आणि पत्र्याचा कूलर. बाबा बायपास करून घरी आले त्या वर्षी पहिला एसी आला. खिडकीत बसवायचा, सेकंडहँड.

दुसऱ्या उन्हाळ्यात तो गार करेना. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या एका बोळातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने एसी खिडकीतून काढून जमिनीवर ठेवला, पत्रा उघडला, आईकडून वाटीत साबणाचं पाणी मागितलं आणि दाढीच्या ब्रशाने त्याचा फेस कॉइलच्या एकेका वळणावर लावत गेला. घाई नाही. एक वळण झालं की थांबायचा, बघायचा, मग पुढचं. शेवटून तिसऱ्या वळणावर फेसात एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी पुन्हा फुगला. त्याने मला जवळ बोलावून दाखवला. म्हणाला, "ताई, एसीतला गॅस म्हणजे स्कूटरचं पेट्रोल नव्हे, चालवला म्हणून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गेलाय." ती जागा त्याने ब्रेझिंग करून बंद केली, नायट्रोजन भरला, गेज लावलं आणि निघाला. बाबा म्हणाले, आज गॅस भरून टाका की. तो म्हणाला, रात्रभर सुई हलते का बघू, उद्या भरतो. दुसऱ्या दिवशी सुई जिथल्या तिथे होती, तेव्हा त्याने गॅस भरला. तो एसी बाबांनी पुढे बरीच वर्षं वापरला.

तो माणूस आयटीआयला गेला होता की नव्हता, मला माहीत नाही. पण परीक्षेत जे विचारतात ते सगळं त्याने आमच्या घराच्या फरशीवर करून दाखवलं होतं. शाळेची पायरी न चढता उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्यांसाठी आता कौशल्य विकासाच्या योजनांत येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. म्हणून आयटीआय नाही तर कागद नाही, ही सबब आता चालायची नाही. तुमच्या हातात काम असेल तर कागदही मिळवा. तो तुमच्या हक्काचा आहे.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. आलेल्या गृहस्थाने फिल्टर काढून पाहिला नाही, कॉइलवर हात फिरवला नाही. बाहेरच्या युनिटला गेज लावलं, सुईकडे बोट दाखवलं आणि "गॅस कम है" म्हणून मोकळा झाला. अडीच-तीन हजार रुपये, पावती नाही, कोणता गॅस, किती ग्रॅम, काही नाही. फिल्टर चोंदला असला, आतल्या पंख्याला हवा ओढता येत नसली, तरीही सुई खाली दिसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गळती कुठे आहे हे न शोधता गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाला पुढच्या एप्रिलचं तिकीट काढून देणं. पुढचा एप्रिल आला आहे आणि तीच खोली तशीच तापली आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढ्या-तेवढ्यासाठी एवढं लांब पत्र? एवढ्या-तेवढ्याचं नाही म्हणून लिहिते. जुन्या एसीत आर-२२ असायचा. चालू मशिनला कमी दाबाच्या बाजूला गेज साठ-सत्तर पीएसआय दाखवायचं. आता बहुतेक घरांत आर-३२ आहे आणि तिथे तीच सुई सव्वाशेच्या आसपास हवी. जुन्या सवयीने एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की मशिन बिघडतं. शिवाय आर-३२ थोडासा पेट घेणारा आहे, आणि काही कंपन्यांच्या एसीत असलेला आर-२९० म्हणजे प्रोपेन तर सरळ पेटतोच. आत गॅस असताना टॉर्च पेटवायचा नाही, बंद खोलीत गॅस सोडायचा नाही, एका गॅसच्या मशिनमध्ये दुसरा ओतायचा नाही. गळती तपासायला नायट्रोजनच वापरायचा. गॅस वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून तो भरला, तर दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधलं तेल एकत्र येऊन स्फोट होतो. त्यात आधी जातो तो मशिनवर वाकलेला माणूस. म्हणजे तुम्ही. मग आमची म्हातारी माणसं, जी शेजारच्या खोलीत निजलेली असतात.

आणि हवेत सोडलेल्या गॅसचं काय? जुना एसी काढताना व्हॉल्व्ह उघडून सगळा गॅस बाहेर सोडून देताना मी पाहिलं आहे. दोन मिनिटं फुस्स आवाज आणि काम झालं. आर-२२ ओझोनचा थर खातो. आर-४१०ए ओझोनला हात लावत नाही, पण त्याचा एक किलो हवेत गेला तर सुमारे दोन टन कार्बन डायॉक्साइड सोडल्याइतकं जग तापतं. आर-३२ त्याच्या साधारण एक तृतीयांश. ज्या उन्हापासून वाचायला आम्ही तुम्हाला बोलावतो, त्याच उन्हात ही भर पडते. तो गॅस रिकव्हरी मशिनने सिलिंडरमध्ये ओढून घेता येतो. ते मशिन महाग आहे, एकट्याला परवडत नाही, हे मान्य. पण एका बाजारातल्या पाच-सात दुकानांनी मिळून एक घेता येणार नाही का?

अमेरिकेत १९९० च्या दशकापासून स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ खाली परीक्षा दिल्याशिवाय मेकॅनिकला असा गॅस हाताळता येत नाही. युरोपातही प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन जाहीर केला, त्यात २०२२-२३ पर्यंत तुमच्यासारख्या एक लाख मेकॅनिकांना शिकवून प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट लिहिलं होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये भारताने जग तापवणाऱ्या अशा गॅसचा वापर कमी करण्याच्या किगाली कराराला मान्यता दिली. म्हणजे दिल्लीच्या कागदांत तुम्ही मोठे आहात. कॅम्प तीनच्या दुकानात आणि कुळगावच्या नाक्यावर तुम्हाला कुणी त्यातलं काही सांगितलं नसेल, तर मी सांगते: तुमच्या हातावर हवेचं बरंच काही अवलंबून आहे, आणि ते शिकवण्याची सोय सरकारने मान्य केलेली आहे. ती मागून घ्या.

अंबरनाथचीही एक गोष्ट सांगते. भावाचं घर तिथे, वालधुनी नदीपासून जवळ. जिच्या काठी १०६० सालचं शिवमंदिर उभं आहे, तीच ही नदी. पुढे उल्हासनगरात येईपर्यंत तिचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी तिच्यात रसायन ओतलं आणि शेकडो लोकांना श्वास लागून इस्पितळ गाठावं लागलं. रोजची गोष्ट त्याहून धीम्या गतीची आहे. सांडपाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करतो, पोखरतो, आणि डोळ्यांना दिसणार नाहीत अशी छिद्रं पाडतो. भावाच्या एसीची कॉइल काळी पडलेली होती. ती बघूनही आलेल्या मेकॅनिकने गॅस भरला आणि गेला. ज्याला शिक्षण आहे त्याने सांगितलं असतं, दादा, या हवेत ही कॉइल टिकणार नाही, संरक्षक लेप असलेली घ्या, युनिट नाल्याच्या उलट्या बाजूला हलवा, गॅसवर पैसे घालवू नका. असा सल्ला देणाऱ्याला मी गॅसच्या पैशांएवढी फी आनंदाने देईन. काम करण्याची गरज नाही असं सांगणारा मेकॅनिक मला हवा आहे.

आता जे लिहिते ते सर्वांत काळजीचं. तुम्ही खिडकीच्या ग्रिलबाहेर जाता. सातव्या मजल्यावर एक पाय छज्ज्यावर, एक पाय एसीच्या ब्रॅकेटवर, एका हाताने ग्रिल धरलेलं आणि दुसऱ्या हातात पाना. कमरेला पट्टा नाही. कधी तुम्ही आत उभे राहता आणि मिसरूड न फुटलेल्या हेल्परला बाहेर पाठवता. त्या मुलाची आई कुठेतरी आहे हो. कोकणचा पावसाळा लोखंड खातो. पाच पावसाळे पाहिलेल्या ब्रॅकेटवर मांजर सोडायलाही माझं मन धजत नाही. इमारतींचं तर विचारू नका. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. तशाच जुन्या, पोकळ झालेल्या स्लॅबला ड्रिल मारून त्यावर बाहेरचं युनिट टांगायला तुम्हाला सांगितलं तर नाही म्हणा. गिऱ्हाईक रागावेल, दुसऱ्याला बोलावेल, तरी नाही म्हणा. आणि हार्नेस घातल्याशिवाय ग्रिलबाहेर पाय टाकू नका. आमच्या घरी तर मी टाकूच देणार नाही.

गाऱ्हाणी झाली. तुमच्या बाजूचंही मला दिसतं. चारशे-पाचशे रुपयांच्या सर्व्हिसिंगवर आमच्या इमारतीतली माणसं घासाघीस करतात. मोबाइलवर सगळ्यांत स्वस्त दर शोधतात आणि त्या दरात दोन वर्षं शिकलेला हात मागतात. व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि दमटपणा नीट काढायचा तर अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळेत, "अजून किती वेळ? आम्हाला बाहेर जायचंय," असं कुणीतरी म्हणतंच. म्हणून तुम्ही पंप पिशवीतच ठेवता, गॅसचाच एक फुसका मारून पाइपातली हवा बाहेर ढकलता आणि कनेक्शन जोडता. आत राहिलेला दमटपणा तेलाशी मिळून आम्ल तयार करतो, कॉम्प्रेसर लवकर जातो, आणि शिव्या कंपनीला बसतात. घाई गिऱ्हाइकाची आणि बदनामी तुमची, हा हिशेब बरा नव्हे.

शिवाय तुमचं वर्ष चार महिन्यांचं. मार्च ते जूनमध्ये जेवायला फुरसत नाही, आणि पाऊस पडला की फोन वाजत नाही. याला उपाय आहे, आणि तो आमच्या हातात आहे. एसीची सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करून घ्यायची. तेव्हा तुम्हाला वेळ असतो, पंप नीट चालतो, गळती रात्रभर तपासता येते. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे: सगळ्या घरांचं काम फेब्रुवारीत एकत्र, दर ठरलेला, आणि येणाऱ्याचं प्रमाणपत्र वहीत चिकटवलेलं. विजेचं काम असेल तर ठेकेदाराचा परवाना क्रमांकही त्याच पानावर. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांनी अशी यादी आपल्या दारात लावली तर तिन्ही गावांचं भलं होईल. त्यांनी लावेपर्यंत आमच्या इमारतीची वही असेल.

तेव्हा विनंती अशी. याल तेव्हा प्रमाणपत्राची झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवा. मी पाण्याचा तांब्या आणते तेवढ्यात दाखवलात तरी चालेल. आधी फिल्टर आणि कॉइल बघा, मग गेज काढा. गॅस कमी असेल तर गळती कुठे आहे ते मला दाखवा, साबणाचं पाणी मी देते. पंप लावा, घड्याळ बघू नका. गॅस मशिनच्या पट्टीवर लिहिलाय त्या वजनाने, काट्यावर मोजून भरा. पावतीवर गॅसचं नाव, ग्रॅम आणि तारीख लिहा, खाली सही करा. एसीला वेगळी तार, वेगळा एमसीबी आणि अर्थिंग आहे का बघा; नसेल तर मशिन सुरू करू नका, मला सांगा, मी परवानाधारक वायरमन बोलावते. बिघाड नसेल तर बिघाड नाही असं सांगा आणि तपासणीचे पैसे घ्या.

माझ्याकडून वचन असं. जेवढे सांगाल तेवढे, घासाघीस न करता. पट्टा बांधायला वेळ लागला तर त्या वेळेचे पैसे वेगळे. हेल्परला आमच्याकडे खिडकीबाहेर जायची वेळ येणार नाही. आणि काम चांगलं झालं तर तुमचा नंबर तिन्ही गावांतल्या आमच्या नातेवाइकांना, शाळेतल्या सहकाऱ्यांना आणि लेडीज डब्यातल्या मैत्रिणींना. इंटरनेटवर कंपनीच्या नावाने दिलेले कस्टमर केअरचे नंबर कितीदा फसवे निघतात. म्हणून कंपनीचा माणूस हवा असेल तर मशिनवरच्या स्टिकरवरचा नाहीतर वॉरंटी कार्डावरचा नंबर लावायचा, आणि स्थानिक माणूस हवा असेल तर ओळखीतला, हा आमचा रिवाज आहे. त्या ओळखीत तुम्ही यावं, ही इच्छा.



आपली,
एक बदलापूरकर

ता. क. हिवाळ्यात गिझरच्या कामाला जाता तेव्हा एक बघत जा. इथल्या पुष्कळ घरांत गॅस गिझर अजून बंद बाथरूमच्या आत बसवलेला आहे. जळताना तो खोलीतली हवा खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडतं. असा गिझर दिसला की दुरुस्त करून देऊ नका. बाहेर मोकळ्या हवेत बसवायला सांगा, नाहीतर विजेचा घ्यायला सांगा. घरमालकाने ऐकलं नाही तर त्याच्या बायकोला सांगा, ती ऐकेल. तिनेही ऐकलं नाही तर पैसे न घेता परत या. तुमच्या त्या दिवसाच्या फेरीचे पैसे मी देईन, तशी नोंद वहीत करून ठेवेन.